एका पंगतीतले चिमटे

वॉशिंग्टनच्या हिल्टन हॉटेलात दरवर्षी व्हाइट हाउसच्या वार्ताहरांची मेजवानी झडते. प्रथा 1921 सालची. राष्ट्राध्यक्ष पत्रकारांना चिमटे काढतात आणि मुद्दाम बोलावलेला विनोदवीर राष्ट्राध्यक्षांना.

सत्ताधारी स्वतःवर हसला की तो दिलदार, असं आपण धरून चालतो. मला यात हिशेब दिसतो. आपली फजिती आपणच करून टाकली की जाब विचारायला आलेल्याच्या हाती काही उरत नाही.

मार्च 2004. याच धर्तीच्या, रेडिओ-टीव्ही वार्ताहरांच्या मेजवानीत राष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश यांनी स्लाइड दाखवल्या. स्वतःच्या कार्यालयात ते वाकून फर्निचरखाली काहीतरी शोधताहेत. ती संहारक शस्त्रं इथंच कुठंतरी असणार, अशी वर मल्लिनाथी! ज्या शस्त्रांच्या नावावर इराकवर युद्ध लादलं, ती सापडलीच नव्हती. तोवर पाचशेहून अधिक अमेरिकी सैनिक मेले होते. मेलेल्या इराकींची तर गणतीच नाही. सभागृह हसलं. युद्धाआधी ज्यांनी खोदून विचारायला हवं होतं, त्यांतलेच कितीतरी त्या टेबलांवर होते. त्या हशात त्यांचीही सुटका होती.

2006 साली व्हाइट हाउस वार्ताहरांच्या मेजवानीत विनोदवीर स्टीफन कोल्बर्टनं ही सोय मोडली. बुशभक्त टीकाकाराचं सोंग घेऊन, बुश हाकेच्या अंतरावर बसलेले असताना, तो त्यांची उलटी स्तुती करत सुटला. मग मोहरा पत्रकारांकडे वळवला: निर्णय राष्ट्राध्यक्ष घेणार, प्रवक्ता जाहीर करणार, तुम्ही फक्त टाइप करा. सभागृहातला हशा आटला. बाहेर लोकांनी मात्र ते भाषण डोक्यावर घेतलं. पुढच्या वर्षी आयोजकांनी नकलाकार रिच लिटल यांना बोलावलं. त्यांच्या नकलांनी कुणाला काय झोंबणार? 2018मध्ये विनोदवीर मिशेल वुल्फच्या विनोदांवरून गहजब झाला, तर 2019ला चक्क इतिहासकार रॉन चेर्नाउ! ही मेजवानी वृत्तस्वातंत्र्याचा उत्सव म्हणवते, पण पाहुणे निवडायची तिची तऱ्हा सोयरीक सांभाळणाऱ्या घरासारखी आहे.

ट्रम्प 2017 ते 2019 तिकडे फिरकलेच नाहीत. त्यांना ही पंगतच नको होती, त्यामुळे मान राखायचा तो कुणाचा, हा प्रश्न खरं तर मिटायला हवा होता. पण 2025 साली, पुन्हा त्यांच्याच कारकिर्दीत, अँबर रफिन या विनोदी कलाकाराचं नाव जाहीर करून वार्ताहर संघटनेनं ते स्वतःच मागं घेतलं. मेजवानी विनोदवीराविनाच पार पडली. ट्रम्प त्या रात्रीही आले नव्हते.