मार्थेचे हात, मरीयेची बैठक

पुण्याच्या गुरुवार पेठेतील पंचहौदाचे पवित्र नाम देवालय ज्यांनी पाहिले आहे, त्यांच्या ध्यानात त्याचे उंच घंटाघर तर राहतेच; पण मिशनच्या काळापासून त्या परिसरात उपासनेचे मौन आणि शाळकरी मुलांचा गलका एकमेकांच्या शेजारी नांदत आले आहेत, ही गोष्टही सहसा विसरली जात नाही. सेवा आणि भक्ती यांचे असे शेजारपण दगडमातीत साधणे सोपे. एका माणसाच्या एका दिवसात ते साधताना मात्र भल्याभल्यांची दमछाक होते. पुढील संवादातील दोघे कल्पित आहेत : आयुष्यभर परिचारिकेचे काम करून निवृत्त झालेल्या एक आत्याबाई, आणि शहरातील एका मंडळीचा चिटणीस असलेला त्यांचा भाचा. त्यांच्यापुढील प्रश्न मात्र अगदी खरा आहे.

चिटणीस : आत्याबाई, रविवारी पाळकसाहेबांनी बेथानीच्या दोघी बहिणींचा वृत्तांत प्रवचनाला घेतला, आणि तेव्हापासून माझे मन स्वस्थ नाही. घरी पाहुणा आलेला, मार्था एकटी राबते आहे, मरीया प्रभूच्या चरणांशी बसून ऐकते आहे. आणि मार्थेने रास्त तक्रार केली, तर बोल लागतो तो तिलाच! ज्याच्या गळ्यात मंडळीचे दप्तर आहे, त्याने हा वृत्तांत ऐकून करावे तरी काय? रविवारी शब्बाथशाळा, उपासना, तिच्या पाठोपाठ कार्यकारिणीची बैठक, दुपारी आजाऱ्यांच्या भेटी, संध्याकाळी तरुण संघ. सोमवारपासून वर्गणीचा जमाखर्च, दफनभूमीच्या अर्जासाठी कचेरीत खेपा, कोणाच्या लेकीच्या प्रवेशासाठी शिफारस, कोणाच्या घरी मयत. रात्री शास्त्र उघडावे, तर दुसऱ्या ओवीपाशी डोळा लागतो. सगळेच मरीया झाले, तर पाहुण्याला जेवू कोण घालील?

आत्याबाई : तुझा प्रश्न रास्त आहे, आणि तो विचारणारा तू पहिला नव्हेस. पण लूकने हा वृत्तांत कोठे मांडला आहे, ते एकदा नीट पाहा. त्याच्या लगेच आधी चांगल्या शोमरोन्याचा दाखला आहे. त्यात याजक आणि लेवी जखमी माणसाला ओलांडून जातात, आणि त्याच्या जखमा बांधणारा परका मनुष्य शेजारधर्माला जागतो. त्या दाखल्याचा सारा भर हातांनी करण्यावर आहे. वृत्तांताच्या लगेच नंतर एक शिष्य प्रभूला विनवतो, की आम्हांला प्रार्थना करायला शिकव. एका बाजूला जखम बांधणे, दुसऱ्या बाजूला प्रार्थना शिकणे, आणि दोहोंच्या मधोमध बेथानीचे हे घर. लूकला स्वयंपाकघर बंद करायचे असते, तर त्याने आदल्याच पानावर शोमरोन्याला एवढा मान दिला नसता.

चिटणीस : मग मार्थेचा दोष कोणता?

आत्याबाई : प्रभूने तिच्या श्रमाला नावे ठेवली नाहीत, तिच्या जिवाची जी ओढाताण चालली होती, तिच्यावर बोट ठेवले. तिची तक्रार पुन्हा ऐक. कामाचे ओझे झाले आहे, एवढ्यावर ती थांबत नाही. बहीण काय करीत नाही, याची फिर्याद ती पाहुण्यापुढे गुदरते, आणि तुला काही काळजी नाही काय, असा जाबही त्यालाच विचारते. ज्याच्यासाठी पंगत मांडायची, तोच आरोपीच्या पिंजऱ्यात उभा! सेवा अशी वळली, की तिच्यातला सेव्य हरवतो आणि सेवक तेवढा उरतो.

चिटणीस : हे मला पटते, आणि त्याला जोडून योहानाचाही दाखला देता येईल. वल्हांडणाच्या सहा दिवस आधी बेथानीत प्रभूसाठी भोजन झाले, तेव्हा मार्था पुन्हा वाढायलाच उभी होती, आणि मरीया पुन्हा चरणांपाशीच होती. म्हणजे कानउघाडणी झाल्यावरही मार्थेने वाढप सोडले नाही. त्या वेळी तिच्या तोंडी तक्रार मात्र दिसत नाही. पण आत्याबाई, माझी खरी अडचण याहून खोल आहे. निवांत भक्ती ही फुरसत असलेल्यांची चैन आहे, असे मला कधी कधी वाटते. पहाटे चारला पाण्याच्या रांगेत उभी राहणारी बाई चरणांशी केव्हा बसणार? आणि आपल्याच मुलखाची साक्ष काढायची, तर पुंडलिकाने आईवडिलांच्या सेवेत खंड पडू नये म्हणून साक्षात देवाला विटेवर तिष्ठत ठेवले, आणि देव रागावला नाही. उलट नामात तल्लीन झालेल्या गोरोबांच्या पायाखाली पोटचे मूल आले, ही कथाही आपण लहानपणापासून ऐकतो. मग सेवेत चूर होण्यापेक्षा भक्तीत चूर होणे अधिक धोक्याचे नव्हे काय?

आत्याबाई : दोन्ही कथा मोलाच्या आहेत, पण पुंडलिकाची कथा पुरती सांग. त्याने देवाला थांबवले, हे खरे. परंतु दारात कोण आले आहे हे त्याने ओळखले, आणि उभे राहायला वीट पुढे केली. त्याचे हात आईवडिलांच्या पायांवर होते, कान दाराकडे होते. तुझे दुखणे निराळे आहे. तुझ्या दारावरची थाप तुला ऐकूच येत नाही, मग वीट पुढे करण्याची गोष्ट दूरच. आणि फुरसतीचे म्हणशील, तर जनाबाईला कोणती फुरसत होती? जात्याचा खुंटा हातात असताना तिचा देव तिच्याजवळ बसत होता, असेच महाराष्ट्राने मानले. आमच्या वॉर्डात एक वडीलधाऱ्या परिचारिका होत्या. जखमेची पट्टी बदलण्याआधी त्या नळाखाली कोपरापर्यंत हात धूत. साबणाचा फेस बोटांच्या बेचक्यांतून फिरत असताना त्यांचे ओठ हलत. पुढच्या खाटेवरील रोग्याचे नाव घेऊन त्या तेवढ्यात प्रार्थना करीत. हात धुण्याला जेवढा वेळ नियमाने लागे, त्याहून अधिक वेळ त्यांनी रुग्णालयाकडे कधी मागितला नाही; पण खाटेजवळ जाताना त्यांच्या चालीत जी स्थिरता असे, ती धावपळ करणाऱ्या आम्हा मुलींत नव्हती.

चिटणीस : म्हणजे काम हीच प्रार्थना, असे म्हणून मोकळे व्हावे काय?

आत्याबाई : नाही, तेथेच फसगत होते. त्या बाईंचे ओठ नळापाशी हलत, कारण घरून निघण्यापूर्वी त्या रोज देवापुढे बसत. विहिरीला झरा असला तरच रहाट गाडगी भरून वर आणतो. आपल्या पुण्याचीच एक हकीकत घे. इंग्लंडमधील वाँटेजच्या संघाच्या भगिनींनी १८७७ साली पुण्यात येऊन पंचहौदाच्या परिसरात काम मांडले. नेमलेल्या घटकांची प्रार्थना आणि मुलीबायकांची सेवा, असा त्यांच्या संघाचा शिरस्ता. पंडिता रमाबाई १८८३ साली इंग्लंडला गेल्या, त्या त्यांच्याच आश्रयाला. लंडनमधील फुलहॅम येथे समाजाने टाकून दिलेल्या स्त्रियांना या भगिनी मायेने सांभाळताना रमाबाईंनी पाहिले आणि विचारले, की ही करुणा तुमच्यात आली कोठून? उत्तरादाखल त्यांना विहिरीवरच्या शोमरोनी स्त्रीचा वृत्तांत वाचून दाखवण्यात आला. सेवा पाहून प्रश्न उपजला, आणि प्रश्नाचे उत्तर शास्त्रापाशी बसल्यावर मिळाले. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात त्यांचा बाप्तिस्मा झाला.

चिटणीस : परंतु त्या कथेत वजन सेवेच्याच पारड्यात पडते.

आत्याबाई : अर्धे पडते, उरलेले अर्धे फादर नेहेम्या गोरे यांच्या पारड्यात घाल. पूर्वाश्रमीचे नीळकंठशास्त्री गोरे. काशीचे व्युत्पन्न पंडित, वृत्तीने विरक्त, वाद आणि मनन यांत आयुष्य वेचलेला पुरुष. १८९५ साली ते वारले, तेव्हा त्यांच्या नावावर ना मोठी संस्था होती, ना इस्टेट. तथापि त्यांच्या लेखणीने आणि नम्र वाणीने आपल्या मनावर जो परिणाम केला, तो दुसऱ्या कोणाकडून झाला नसता, अशी कबुली रमाबाईंनी पुढे स्वतः दिली. आता हिशेब मांड. १८८९ साली मुंबईत निघालेले आणि पुढल्याच वर्षी पुण्यास आलेले शारदासदन, दुष्काळात मध्य प्रांतातून आणलेल्या शेकडो मुली, पुण्यात प्लेग आल्यावर केडगावला उभे राहिलेले मुक्तिसदन. या प्रचंड खटाटोपाच्या जमेच्या बाजूला त्या विरक्त म्हाताऱ्याचे चिंतन कोणत्या खात्यावर लिहायचे? आणि त्याच केडगावात, दळण, शेती, विणकाम आणि छापखाना यांच्या गजबजाटात, रमाबाई अखेरची अनेक वर्षे हिब्रू आणि ग्रीक मुळावरून बायबल मराठीत आणण्यासाठी रोज बसत राहिल्या. १९२२ साली देह ठेवण्यापूर्वी त्यांनी ते काम तडीस नेले. हजारोंचे पोट ज्या बाईवर अवलंबून होते, तिला बसायला वेळ मिळाला. आणि तुला तो मिळत नाही?

चिटणीस : त्यांची बरोबरी माझ्याने कशी व्हावी! पण इतिहासाला विरुद्ध साक्षही आहे. जॅक विन्स्लो यांनी १९२२ साली अहमदनगरला काढलेला ख्रिस्त सेवा संघ पुढे पुण्यात शिवाजीनगरला आला. तेथे भारतीय पद्धतीचा आश्रम, प्रार्थना, अध्ययन, साधी राहणी. व्हेरियर एल्विन १९२७ साली इंग्लंडहून त्या संघात आले, तेच गूढ भक्तीचा अभ्यास आणि ओढ घेऊन. पुढे काही वर्षांतच ते आश्रम सोडून शामराव हिवाळ्यांसह मंडला जिल्ह्यातील गोंडांत राहायला गेले. प्रार्थनेचा तो शांत आवार त्यांना अपुरा वाटला, हाच त्याचा अर्थ नव्हे काय?

आत्याबाई : मला त्याचा अर्थ असा दिसतो, की खरी प्रार्थना माणसाला बसू देतेच असे नाही; ती त्याला उठवूनही लावते. त्या उठण्याला मी दोष देणार नाही. पण काही वर्षांनी एल्विन चर्चच्या दीक्षेतूनही बाहेर पडले. त्यांच्या अंतःकरणाचा न्याय करण्याचा अधिकार ना तुला, ना मला. आश्रमाचे म्हणशील, तर १९७२ च्या सुमारास निरनिराळ्या संघांच्या भगिनींनी एकत्र येऊन तेथे प्रार्थनेचे जीवन पुन्हा सुरू केले. त्यांत मघाच्या त्या वाँटेजच्या भगिनीही होत्या. म्हणजे सेवेत मुरलेल्यांनाही बसण्याची जागा हवीशी वाटली. आता माणसांची उदाहरणे पुरेत, प्रभूचेच पाहू. मार्काच्या पहिल्या अध्यायात प्रभू कफर्णहूमात रात्रीपर्यंत रोगी बरे करतो, आणि भल्या पहाटे अंधारात उठून एकांती प्रार्थनेला जातो. शिमोन शोधत येऊन सांगतो, की सगळे तुझा शोध करीत आहेत. प्रभू त्या गर्दीकडे परतत नाही. पुढच्या गावांना निघतो. तुझ्या माझ्या दृष्टीने काम अर्धवट टाकूनच तो निघाला!

चिटणीस : पण त्याच मार्काच्या सहाव्या अध्यायात याच्या नेमके उलट घडते. शिष्य दमून आले आहेत, जेवायलाही सवड नाही. प्रभू म्हणतो, एकांती चला आणि थोडा विसावा घ्या. नाव पैलतीराला लागते, तो लोक आधीच धावत येऊन उभे! तेथे मात्र त्याला त्यांचा कळवळा येतो, आणि विसावा तहकूब होतो. एके ठिकाणी त्याने गर्दी सोडून प्रार्थना केली, दुसऱ्या ठिकाणी एकांत सोडून गर्दीला जवळ केले. मग नियम कोणता धरायचा?

आत्याबाई : शाबास! तू स्वतःच उत्तराच्या उंबरठ्याशी आलास. नियम घटकांचा नाही, मोकळेपणाचा आहे. प्रभूला सेवा खाली ठेवता येत होती, आणि एकांतही खाली ठेवता येत होता, कारण दोन्ही त्याने पित्याचे म्हणून हाती घेतले होते. जी सेवा तासभरही थांबवता येत नाही, ती देवाची राहिलेली नसते, आपल्या मालकीची झालेली असते. आणि जी भक्ती दारावर थाप पडताच चिडते, तीही आपल्याच मालकीची झालेली असते.

चिटणीस : तत्त्व उमगले. पण उद्या सकाळी कोणती बाजू खाली ठेवायची, हे कशावरून ओळखावे?

आत्याबाई : मार्थेचीच खूण पुरेशी आहे. सेवा करता करता दुसऱ्याच्या सेवेचा ताळेबंद मनात तपासू लागलास, अमका बैठकीला आला नाही, तमकीने वर्गणी दिली नाही, मीच तेवढा राबतो, असा हिशेब सुरू झाला, की समजावे, आता हात पुसून बसण्याची वेळ झाली. आणि बसलेला असताना कोणी दुःखी माणूस आला, आणि त्याच्या येण्याचा तुला त्रास वाटला, की समजावे, आता उठण्याची वेळ झाली. ही परीक्षा रोज घेता येते, आणि तिला कार्यकारिणीची मंजुरी लागत नाही.

चिटणीस : मंजुरी लागेल अशीही एक गोष्ट मला सुचते आहे. येत्या बैठकीत मी ठराव मांडतो, की आठवड्यातून एका संध्याकाळी मंडळीत कोणतीही सभा, सराव किंवा समिती ठेवू नये. देवालय उघडे राहावे, आणि ज्याला बसायचे त्याने बसावे. दफनभूमीच्या खेपा दुसऱ्या दोघांकडे सोपवाव्यात.

आत्याबाई : आणि त्या दोघांनी त्या तुझ्यासारख्या केल्या नाहीत, तर?

चिटणीस : तर त्यांची फिर्याद मी प्रभूपुढे गुदरणार नाही.

संवाद येथे संपतो. त्याचा निर्णय मात्र प्रत्येक वाचकाने आपल्यापुरता अमलात आणायचा आहे. आज पुण्यातील कोणत्याही जिवंत मंडळीत अशी चार-दोन माणसे सापडतात, की ज्यांच्या खांद्यांवर सगळा कारभार असतो, ज्यांना सर्वजण कामे सांगतात, आणि तुमची प्रार्थना कशी चालली आहे, असे मात्र कोणी विचारीत नाही. या माणसांचा थकवा हे त्यांचे खाजगी दुखणे नाही. ती साऱ्या मंडळीची जबाबदारी आहे. मार्थेला बसायला सांगणे सोपे असते. पण ती बसावी अशी ज्यांची खरी इच्छा असेल, त्यांनी आधी उठून तिच्या हातातील वाढप आपल्या हाती घ्यावे.