दोषाची वाटणी

महाभारतात अनुशासनपर्वाच्या आरंभीच एक गोष्ट येते. गौतमी नावाच्या वृद्धेचा मुलगा सर्पदंशाने जातो. अर्जुनक नावाचा व्याध तो साप बांधून आणतो आणि विचारतो, याला कसा मारू? साप म्हणतो, मला मृत्यूने पाठवलं. मृत्यू काळाकडे बोट दाखवतो. काळ म्हणतो, आम्ही कोणीच नाही, मुलाला त्याचं कर्म भोवलं. साप सुटतो. युधिष्ठिराच्या मनावरचं युद्धाचं ओझं हलकं व्हावं म्हणून भीष्म ही गोष्ट सांगतात. सांत्वन म्हणून ती थोर आहे. न्याय म्हणून ती मला कधीच पटली नाही. बोट फिरत फिरत अखेर स्थिरावतं ते ज्याला उत्तर देता येत नाही त्याच्यावर.

30 नोव्हेंबर 2013 रोजी लॉस एंजेलिसच्या उत्तरेला, सांता क्लॅरिटात, पोर्शची करेरा जीटी रस्ता सोडून खांबावर, झाडांवर आदळली आणि पेटली. चालवणारा आणि शेजारी बसलेला अभिनेता पॉल वॉकर, दोघंही गेले. मर्यादा ताशी सुमारे 72 किलोमीटरची. तपासात गाडीचा वेग 130 ते 150 निघाला. टायर नऊ वर्षांचे जुने. यांत्रिक बिघाड सापडला नाही. मात्र सहाशेहून अधिक अश्वशक्तीच्या या गाडीत, ती घसरू लागली की सावरून घेणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा मुळात बसवलेलीच नव्हती. वॉकरच्या मुलीने कंपनीवर दावा लावला. कंपनीचं म्हणणं पडलं, वॉकर गाड्यांचा जाणकार होता, धोका ओळखून होता. स्टिअरिंग तर त्याच्या हातातही नव्हतं! पुढे 2017 मध्ये तडजोड झाली.

भरपाई ठरवताना कोर्टाला टक्केवारी लागते आणि ते रास्तच आहे. पैसा मोजूनच द्यावा लागतो. पण हाच हिशेब आपण दोषालाही लावतो. जणू तो भावकीतली जमीन आहे, एकाचा बांध सरकला की दुसऱ्याचा तुकडा घटलाच. टायर जुने ठरले की चालवणारा थोडा सुटतो, चालवणारा बेफाम ठरला की कारखाना सुटतो. मला वाटतं, दोष असा घटत नाही. वेग तिप्पट झाला की धडकेतली ऊर्जा नऊपट होते. ॲक्सिलरेटरवर पाय दाबणाऱ्याचा दोष पूर्ण आहे. त्या पायाखाली एवढी ताकद देऊन सावरण्याची सोय न देणाऱ्याचाही पूर्ण आहे.

पुण्यात कल्याणीनगरला 19 मे 2024च्या रात्री अडीचच्या सुमारास दोन टनांहून जड पोर्श टायकन एका मोटारसायकलला मागून धडकली. मध्य प्रदेशातून नोकरीसाठी आलेले दोन इंजिनिअर, एक तरुण आणि एक तरुणी, जागीच गेले. दोघंही चोवीस वर्षांचे. पोलिसांच्या म्हणण्यानुसार गाडी चालवणारा अठराही पूर्ण नव्हता आणि दारू प्यायला होता. राज्यात कडक दारूसाठी वयाची अट पंचविसाची आहे. कोट्यवधींच्या त्या गाडीची कायम नोंदणी झालेली नव्हती. 1,758 रुपयांचं शुल्क भरायचं राहिलं होतं. काही तासांत जामीन झाला, अपघातांवर तीनशे शब्दांचा निबंध लिहिण्याची अट घालून. मग ससून रुग्णालयात रक्ताचे नमुने बदलल्याचा आरोप झाला, डॉक्टरांना अटक झाली. घरच्या ड्रायव्हरवर गुन्हा अंगावर घेण्यासाठी दबाव आणल्याचाही आरोप झाला. हे सगळं वाचताना मला राग आला तो मुलापेक्षा त्या मोठ्या माणसांचा. त्यांच्यातल्या कोणाचाही पाय ॲक्सिलरेटरवर नव्हता. प्रत्येकाला ‘नाही’ म्हणायला सावकाश वेळ होता.

आणि तरीही, इतक्या रात्री ती दोघं बाहेर कशाला होती, हा प्रश्न आपल्याकडे विचारला जातोच.

मोटार वाहन कायद्यात 2019च्या दुरुस्तीने कलम 199-अ आलं. अल्पवयीनाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालक किंवा गाडीचा मालक दोषी मानला जातो. आपल्याला माहीत नव्हतं किंवा आपण रोखायची पुरेपूर काळजी घेतली होती, हे त्यानेच सिद्ध करायचं. तीन वर्षांपर्यंत कैद, पंचवीस हजार दंड. मुलावरची कारवाई त्याने टळत नाही. या कलमात दोष वाटून हलका केलेला नाही, म्हणून ते मला मोलाचं वाटतं. पण ते पालक आणि मालकापाशीच थांबतं. नोंदणी पुरी नसताना गाडी हाती देणारा विक्रेता आणि वय न विचारता पेला भरणारा पबवाला, यांनाही त्याच मापाने विचारायला हवं. माहीत नव्हतं ना? मग तुम्हीच सिद्ध करा.