गाढवीने विचारलेला प्रश्न

मननासाठी शास्त्रभाग : गणना २२:२१-३५, नीतिसूत्रे १२:१०



बलामाच्या गाढवीची कथा आपण शब्बाथ शाळेत ऐकली आहे. मुकी गाढवी बोलली, याचे आपल्याला इतके नवल वाटते की, ती काय बोलली हे ध्यानात राहत नाही. शिवाय तोंड उघडले जाण्यापूर्वी ती तीन वेळा बोलून चुकली होती, हेही आपण विसरतो. प्रथम ती वाट सोडून शेतात शिरली. मग द्राक्षमळ्यांमधील अरुंद वाटेवर भिंतीला घसटली. शेवटी, वळायलाही जागा नव्हती तेथे ती खाली बसली. तिन्ही वेळा बलामाने एकच अर्थ लावला, अवज्ञा. आणि एकच उत्तर दिले, मार.

परमेश्वराने तिला वाचा दिली तेव्हा तिने देवदूताचा उल्लेखही केला नाही. इतकी वर्षे तू माझ्यावर बसत आलास, मी कधी अशी वागत होते काय, असे तिने विचारले. येथील हिब्रू क्रियापदाचा अर्थ 'सवय असणे' असा आहे, आणि मुळात ते जोर देऊन दोनदा आले आहे. बलाम 'नाही' म्हणाला, आणि त्या एका शब्दाने तो स्वतःच दोषी ठरला. जनावराची नेहमीची चाल बदलली, तर त्यामागे काही कारण असले पाहिजे, हे त्याच्या मनातच आले नव्हते.

आजचे पशुवैद्यही प्रथम हाच प्रश्न विचारतात. निरोगी गाय दिवसाचे सात-आठ तास रवंथ करते आणि दहा-बारा तास बसून विसावा घेते. तिचे रवंथ मंदावले, ती कळपापासून वेगळी उभी राहू लागली, कान मागे पडले, पाठ कमानीसारखी वाकली, दात करकरू लागले किंवा ती एका पायावरचा भार सारखा दुसऱ्यावर घेऊ लागली, तर ती काही सांगत असते. श्वापदांची शिकार होणारे प्राणी दुखणे होईल तितके लपवतात. म्हणून जे दिसते ते बहुधा दुखण्याच्या आरंभाचे नसते.

मला एक कबुली द्यावयाची आहे. मी बारा वर्षांचा असताना आमची म्हैस एकाएकी पान्हा चोरू लागली. धारेला बसले की लाथ झाडी. ती माजली आहे असे म्हणून मी तिला काठीने मारले. चौथ्या दिवशी आजीने कासेला हात लावला. कास तापलेली आणि दगडासारखी टणक होती. गावात त्या रोगाला दगडीच म्हणतात. म्हशीचा एक सड कायमचा निकामी झाला. आजी मला रागावली नाही. "ती तुला सांगत होती रे," एवढेच म्हणाली.

पुढे नीतिसूत्रांतील हे वचन माझ्या भाषांतराच्या मेजावर आले. त्यात नीतिमान मनुष्य पशूकडे 'लक्ष देतो' अशा अर्थाचे भाषांतर सहसा केले जाते. मूळ क्रियापद मात्र 'यादा', म्हणजे जाणणे, हे आहे. आणि तो जाणतो पशूचा 'नेफेश', त्याचा जीव. उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात पशूंना आणि दुसऱ्यात आदामाला हाच शब्द लावला आहे. निर्गम २३:९ मध्ये इस्राएल लोकांना सांगितले आहे की, परक्याचा नेफेश तुम्ही जाणता, कारण तुम्हीही मिसर देशात परके होता. तेथेही हीच शब्दरचना आहे. म्हणजे हे पुस्तकी ज्ञान नव्हे. दुसऱ्याच्या जागी उभे राहून आलेली ही ओळख आहे.

त्याच वचनाचा उत्तरार्ध अधिक कठोर आहे : दुष्टांची करुणासुद्धा क्रूर असते. जनावराला आपण खाद्य देतो, औषध देतो. पण ते केवळ उत्पन्न घटू नये म्हणून असेल, तर ती करुणा कोणती? उघड्या, रिकाम्या पिंजऱ्यातील कोंबडी अंडे घालण्यापूर्वी घरट्यासाठी जागा शोधत अस्वस्थपणे येरझारा घालते. माती नसताना ती तारेवरच धूळस्नानाच्या हालचाली करते. बंदिस्त डुकरीण गजांना चावत राहते; दावणीची गाय काहीही तोंडात नसता जीभ फिरवत राहते. ब्रिटनमधील ब्रॅम्बेल समितीने १९६५ साली म्हटले की, पाळीव पशूला निदान उभे राहता, बसता, वळता, अंग स्वच्छ करता व अवयव ताणता आले पाहिजेत. आपल्या देशाचा १९६० चा कायदाही हालचालीस पुरेशी जागा नसलेल्या पिंजऱ्यात प्राणी ठेवण्यास मनाई करतो. युरोपीय संघात कोंबड्यांचे रिकामे पिंजरे १ जानेवारी २०१२ पासून बंद झाले. यरुशलेमेसाठी शोक करताना प्रभूने पिले पंखांखाली घेणाऱ्या कोंबडीचा दृष्टांत दिला. जिला पंखच पसरता येत नाहीत, तिच्याकडे पाहून आपल्या मुलांना तो दृष्टांत कसा समजावा?

कोणी म्हणेल, माणसांचीच दुःखे थोडी आहेत काय? ती थोडी नाहीत. परंतु १८२४ साली लंडनमध्ये प्राण्यांवरील क्रूरतेच्या प्रतिबंधासाठी संस्था स्थापन करणारे पाळक आर्थर ब्रूम यांच्या सोबतीला विल्यम विल्बरफोर्सही होते, ज्यांनी गुलामांच्या व्यापाराविरुद्ध जन्मभर लढा दिला. करुणेचे असे वाटे पडत नाहीत. संस्थेच्या कर्जापायी ब्रूम यांना तुरुंगवासही घडला.

प्रिय वाचकहो, आपल्यापैकी कोणाच्या गोठ्यात दोन गाई असतील, कोणाचा कुक्कुटपालनाचा व्यवसाय असेल, पुष्कळ जण केवळ दूध व अंडी विकत घेत असतील. पशू पाळणाऱ्याने रोज सकाळी काम सुरू करण्यापूर्वी क्षणभर थांबून पाहावे : काल जशी होती तशीच आज आहे काय? विकत घेणाऱ्याने विचारावे : हे कोठून व कसे आले? देवदूताने बलामाला प्रथम त्याच्या प्रवासाविषयी विचारले नाही. तू गाढवीला तीनदा का मारलेस, हे विचारले. तोच प्रश्न आपल्यालाही विचारला जाईल.

प्रार्थना : हे उत्पन्नकर्त्या प्रभो, जे आम्हांला शब्दांनी सांगू शकत नाहीत त्यांचे सांगणे समजण्यास आमचे डोळे उघड. आमेन.