आवड आणि निवड

मराठीत ‘आवडनिवड’ असा एक जोडशब्द आहे. ‘चहापाणी’ किंवा ‘धुणीभांडी’ म्हणावे इतक्या सहजपणे आपण तो वापरतो, आणि त्यातले दोन शब्द एकमेकांचे सख्खे भाऊ आहेत असे समजून चालतो. पण त्यांच्या व्याकरणाकडे जरा पाहा. ‘मी भाकरी खातो’ यात कर्ता मी आहे. ‘मला भाकरी आवडते’ असे म्हटले की कर्तेपण भाकरीकडे जाते आणि मी मुकाट्याने चतुर्थीत जाऊन बसतो. आवड ही आपल्याला होणारी गोष्ट आहे, पडशासारखी. निवड मात्र करावी लागते. सूप मांडीवर घेऊन तांदूळ निवडणाऱ्या बाईला विचारा. निवडणे म्हणजे काय ठेवायचे एवढेच नव्हे, काय टाकायचे हेही आहे.

मग आवड झाली म्हणून निवड केली, असे आपण म्हणतो तेव्हा नेमके काय घडलेले असते? आणि जी आवड झाली ती माझीच होती, शेजाऱ्याची मला लागलेली नव्हती, हे कशावरून?

हा प्रश्न माझ्यासमोर आला तो एका गिटारीच्या निमित्ताने. आमच्या रिठदमध्ये गिटारीचे काय काम, असे वाचकांना वाटेल. रिठद हे वाशिम जिल्ह्यातले, रिसोड तालुक्यातले गाव. इथे वाद्य म्हणजे पखवाज, पेटी, टाळ आणि सप्ताहात अखंड उभी राहणारी वीणा. पण गावातली मुले आता पुण्यामुंबईस नोकरीला जातात आणि परत येताना नवे नाद घेऊन येतात. माझा पुतण्या पुण्यास असतो. दोन वर्षे तो मित्राची गिटार वाजवीत होता, आता स्वतःची घ्यायची आहे. दुकानात त्याने एक पाहिली : पोट, पाठ, बाजू सगळे महोगनीचे. सहसा गिटारीचे पोट, म्हणजे तारांखालची फळी, स्प्रूस नावाच्या फिक्या सूचिपर्णी लाकडाचे असते. ही मात्र सबंध लालसर, जुन्या कपाटासारखी. किंमत म्हणाल तर विहिरीवरच्या मोटारपंपाच्या तोडीची. आणि आमच्या विहिरीवरचा पंप यंदा खरोखरच मोडला आहे, हेही इथे सांगितले पाहिजे.

फोनवर तो म्हणाला, “मोठे बाबा, आवाज चांगला हाय. पण तो माह्या कानाले चांगला लागते, का लोकायनं सांगतलं म्हणून चांगला लागते, हे मले समजून नाही राह्यलं.”

मला त्याचे कौतुक वाटले. लग्न ठरवतानाही पुष्कळांना हा प्रश्न पडत नाही.

लोकांनी त्याला काय सांगितले होते? कोणी म्हणाला, महोगनीचा आवाज ऊबदार असतो. कोणी म्हणाला, तो बसका असतो. गंमत अशी की दोघे एकाच गुणाबद्दल बोलत होते. स्प्रूस हलके पण ताठ असते. तार छेडली की मूळ स्वराबरोबर त्याच्या वरच्या स्वरांचाही पसारा उठतो. जोर लावाल तितका आवाज मोठा होतो. महोगनीच्या फळीत हा पसारा कमी. मूळ स्वर पुढे येतो, वरचे स्वर लवकर शमतात, जोरात वाजविले तरी आवाज एका मर्यादेपुढे जात नाही. त्यामुळे एकेक सूर सुटासुटा, दाणेदार ऐकू येतो. पण दहा जणांच्या मेळाव्यात ही गिटार मागे पडते. आता याला कोणी गोडवा म्हणेल, कोणी मुखदुर्बळपणा.

आपल्याकडे या भेदाला फार सुंदर शब्द आहेत. तंबोऱ्याची किंवा सतारीची घोडी घासून तिला जो बाक देतात ती जवारी. खुली जवारी काढली की स्वर झणझणतो, पसरतो. बंद जवारी काढली की तो गोल, आवरलेला येतो. तंबोऱ्यात तर घोडीवर तारेखाली सुताचा दोरा सरकवून तो झंकार आणखी उलगडतात, आणि त्या दोऱ्याला कारागीर ‘जीव’ म्हणतात. ज्याचे कान या जिवावर वाढले, सप्ताहात रात्री तीन वाजता अर्धवट झोपेत ज्याने वीणेचा झंकार ऐकला, त्याला सबंध महोगनीची गिटार प्रथम ऐकताना काहीतरी कमी वाटणारच. ती कमतरता लाकडात आहे, की रिठदच्या देवळात? दोन्हीकडे थोडीथोडी, असे माझे मत आहे.

महोगनी या नावाचीही एक जादू आहे. शब्द उच्चारताच गालिचे, बंगले, साहेबाचे टेबल डोळ्यांपुढे येते. पण वनस्पतिशास्त्र नावाला फसत नाही. त्याच्या मते अमेरिकेची महोगनी आणि आपला कडुनिंब एकाच कुळातले! पाडव्याला ज्याचा पाला आपण तोंड वाकडे करून खातो आणि ज्याच्या सावलीत आमच्या गावातली गुरे बसतात, त्याची ती दूरची चुलत बहीण. याच कुळात तूण नावाचे झाड आहे, आणि मिरजेचे कारागीर तंबोरे व सतारी करतात त्या बहुतेक तुणीच्याच लाकडाच्या. दीडशे वर्षांहून अधिक काळ चालत आलेल्या या मिरजेच्या कामाला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. म्हणजे ज्या लाकडासाठी आमचा पुतण्या जीव टाकतो आहे त्याच्या नात्यातले लाकूड खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांच्या मिरजेत पिढ्यान् पिढ्या गाते आहे; फक्त त्याला इंग्रजी नाव नाही. शिवाय दुकानात ‘महोगनी’ म्हणून विकले जाते ते पुष्कळदा त्याच कुळातले आफ्रिकेचे लाकूड असते, आणि स्वस्त गिटारीत तर प्लायवुडवर चिकटवलेला पापुद्रा.

आणि हे मोठेपण तरी केव्हाचे? अमेरिकेत मार्टिन कंपनीने १९२२ साली सबंध महोगनीची एक गिटार काढली. ती कंपनीच्या मालातली साधी आणि स्वस्त गिटार होती. ज्यांना भारी वाद्य परवडत नव्हते ते ही घेत. आज तशा जुन्या गिटारी लोक हौसेने शोधतात. लाकूड तेच, तारा त्याच. मधल्या काळात बदलला तो ऐकणाऱ्याचा भाव. आमच्याकडे ज्वारीच्या भाकरीचे हेच झाले. गरिबाघरची म्हणून जिला पाहुण्यांपुढे ठेवायला लाज वाटे, तीच आता शहरातल्या हॉटेलात लोणच्याबरोबर मिरवते.

यावर कोणी म्हणेल, डोळे बांधून परीक्षा घ्या म्हणजे कान खरे बोलतील. तशा परीक्षा झाल्या आहेत. इंग्लंडमधल्या लँकेस्टर विद्यापीठातील संशोधकांनी २०१८ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. सहा गिटारी, सगळ्या एकसारख्या. फक्त पाठ आणि बाजू सहा वेगवेगळ्या लाकडांच्या. त्यांत ब्राझीलचे दुर्मिळ शिसवी होते, आपले हिंदुस्थानी शिसवी होते, महोगनीही होती. ५२ वादकांना काळे चष्मे लावून, अंधुक प्रकाशात त्या वाजवायला दिल्या. महागडे लाकूड वरचढ ठरले नाही. इतकेच काय, वादकांना एक गिटार दुसरीपासून ओळखणेही जड गेले. स्पेनच्या अंतोनिओ दे तोरेस या थोर कारागिराने हे १८६२ सालीच दाखविण्याचा प्रयत्न केला होता. पोट चांगल्या लाकडाचे ठेवून त्याने पाठ आणि बाजू चक्क कागदी पुठ्ठ्याच्या केल्या. आपला तंबोरा तर पहिल्यापासून हेच सांगतो आहे : पोटाला लाकडाची तबली आणि पाठीला वेलीवरचा भोपळा.

पण या परीक्षांवरून ‘सगळे मनाचे खेळ’ असा घाईचा निकाल देऊ नये. लँकेस्टरच्या सहाही गिटारींचे पोट स्प्रूसचेच होते. आमच्यापुढचा प्रश्न पोटाचा आहे, आणि पोट बदलले की आवाज बदलतो. तो बदल कान टिपू शकतो.

गेल्या महिन्यात मी पुण्यास गेलो तेव्हा आम्ही दोघे त्या दुकानात गेलो. मी पेटीवाला, गिटारीतले मला काही कळत नाही. म्हणूनच हे काम माझ्याकडे आले. त्याच्या डोळ्यांवर माझा रुमाल बांधला आणि एकदा ही, एकदा ती, अशा दोन गिटारींच्या तारांवरून मी अंगठा फिरवीत राहिलो. प्रत्येक वेळी त्याने बरोबर ओळखले. पण कोणती आवडली असे विचारले की दर वेळी तो स्प्रूसची सांगे. मी रुमाल सोडला. मग त्याने महोगनीची स्वतः मांडीवर घेतली आणि आजी जात्यावर म्हणायची ती एक ओवी, एकेका तारेवर, हळूहळू वाजविली. दुकानदाराचा पोरगा तारांची पाकिटे लावीत होता, तो थांबला.

तेव्हा माझ्या ध्यानात आले की आपण दोन वेगळे प्रश्न एकत्र कालवीत होतो. समोर बसून ऐकताना काय आवडते, हा एक. जवळ घेऊन जगताना काय मानवते, हा दुसरा. मिठाईच्या दुकानात जिलबी जिंकते. रोजच्या ताटात वरणभात. पहिल्या परीक्षेत उधळे वाद्य बाजी मारते, कारण ते लगेच सगळे देऊन टाकते. आवरलेले वाद्य वाजवणाऱ्याकडून काहीतरी मागत असते, आणि ते आपल्याजवळ आहे की नाही हे दहा मिनिटांत कसे कळावे?

आता शेजाऱ्याकडून लागलेल्या आवडीचे. मला वाटते, आवड उसनी असण्यात लाज नाही. मला भजनाची आवड वडिलांकडून लागली, तिखटाची वऱ्हाडाकडून. बिनउसनी आवड कोणाजवळ असते? तान्ह्या मुलाजवळ, आणि तीही दुधापुरती. लबाडी होते ती दुसऱ्या ठिकाणी : सांगणारा निघून गेला, कौतुक करणारे पांगले, आणि तरी ‘मला आवडते’ हे वाक्य आपण चालू ठेवतो, कारण पैसे घातलेले असतात. म्हणून मी त्याला गिटारीचे गुण विचारायचे सोडून दिले. उणीव विचारली. “मेळ्यात ही ऐकू येणार नाही. मित्र म्हणतील, बसकी आहे. स्प्रूसचा तो झंकार तुला कधी मिळणार नाही. हे सगळे पाच वर्षे चालेल का?” सुपातले खडे मोजल्यासारखे आम्ही मोजले.

त्या यादीत दोन खडे माझे होते. एक झाडाचा. खऱ्या महोगनीची अमेरिकेतली रानतोड इतकी झाली की २००२ साली तिच्या मोठ्या पानांच्या जातीलाही आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या नियंत्रणाखाली आणावे लागले. माझ्या कानाच्या चोचल्यासाठी कोणते रान कमी झाले, हे दुकानदाराला विचारणे उद्धटपणा नव्हे. लागवडीचे लाकूड असेल तर तो तसे सांगेल.

दुसरा पंपाचा. तो मी बोलून दाखविला नाही, त्यानेच काढला. म्हणाला, “बाबायले पंप आधी देतो. गिटार दोन महिने थांबते.” त्याचे वडील, म्हणजे माझा धाकटा भाऊ, हे ऐकून नुसते हसले आणि म्हणाले, पंपाचे पैसे सोयाबीनमधून येतील, पोराने आपला नाद करावा. आता बापलेक एकमेकांसाठी आपापली निवड सोडायला बसले आहेत, आणि आवडीचे काय ते कोणी बोलत नाही!

पंप अखेर दसऱ्यानंतर आला. पैसे दोघांनी निम्मेनिम्मे घातले. भाऊबीज झाली की पुतण्या पुण्यास परत जाईल. दुकानदाराने एक दुपारभर गिटार देऊन मागच्या खोलीत बसू देण्याचे कबूल केले आहे. मी सोबत येऊ का, म्हणून विचारले.

“नाही, मोठे बाबा,” तो म्हणाला, “तुमी आले का मी तुमच्या कानानं ऐकतो.”