उघड्या टॅबांची वाटणी

ब्राउझरमधला टॅब एकाच वेळी तीन कामे करतो. तो वाचायचे किंवा भरायचे पान असतो, राहिलेल्या कामाची आठवण असतो आणि जिथे नाव-पासवर्ड द्यावा लागतो तिथे कुणाच्या तरी नावाने उघडलेले खातेही असतो. टॅब वेगवेगळ्या वर्कस्पेसमध्ये वाटून ठेवण्याच्या बहुतेक सोयी यांतल्या पहिल्या कामापुरताच विचार करतात. पडदा मोकळा होतो, पण आठवणी आणि खाती एकमेकांत मिसळलेलीच राहतात. खरे नुकसान होते ते तिथेच.

सोलापुरात सात रस्ता चौकात विजापूर रस्ता, होटगी रस्ता, स्टेशन, रंगभवन अशा दिशांची वाहतूक एकत्र येते. शहरातल्या अशा वर्दळीच्या भागांत करसल्लागारांची कार्यालये, ई-सेवा केंद्रे, झेरॉक्स-टायपिंगची दुकाने असतात, आणि तिथल्या संगणकावर चालणारे काम बहुतेक वेळा दुसऱ्याचे असते. करसल्लागाराच्या पार्ट्यांमध्ये टॉवेल-चादरीचा कारखानदार असतो, शाळेचे गणवेश शिवणारा असतो, किराणा दुकानदार असतो. दरमहा विवरणपत्र भरणाऱ्यांना ११ तारखेपर्यंत जीएसटीआर-१ आणि २० तारखेपर्यंत जीएसटीआर-३बी भरायचे असते. या तारखांच्या आधीच्या दोन-तीन दिवसांत जीएसटी पोर्टल, ई-वे बिल, बँक, मेल आणि बिलांचे फोटो ज्यावर येतात ते व्हॉट्सअ‍ॅप वेब, असे सगळे एका वेळी उघडे असते. एका पार्टीचे विवरणपत्र भरून झाले की ओटीपी जातो तो मालकाच्या मोबाइलवर. "मालक, ओटीपी आला असेल, बघून सांगा," असा फोन होतो. मालक मागावर असतात, गिऱ्हाइकात असतात, गाडी चालवत असतात. तोवर हातावर हात ठेवून बसणे परवडत नाही, म्हणून शेजारच्या टॅबमध्ये दुसऱ्या पार्टीचे खाते उघडले जाते.

गोंधळ सुरू होतो तो इथे. संकेतस्थळ लॉगिन लक्षात ठेवते ते कुकी नावाच्या छोट्याशा नोंदीच्या आधारे, आणि ही नोंद ब्राउझर टॅबागणिक ठेवत नाही. ब्राउझरच्या एका प्रोफाइलमध्ये एका संकेतस्थळासाठी कुकींचा एकच संच असतो. दुसऱ्या टॅबमध्ये दुसऱ्या नावाने लॉगिन केले की पहिल्याची नोंद पुसली जाऊन तिथे दुसऱ्याची येते. पहिल्या टॅबमधले पान मात्र पडद्यावर जसेच्या तसे दिसत राहते. त्यावरचे पुढचे बटण दाबले की काय होईल, हे त्या संकेतस्थळाच्या बांधणीवर अवलंबून. बरे असेल तर ते बाहेर काढून पुन्हा लॉगिन करायला सांगते. वाईट असेल तर एकाच्या पानावरची विनंती दुसऱ्याच्या नावाने पुढे जाते. नजरेने हे पकडणेही सोपे नाही. टॅबच्या माथ्यावर संकेतस्थळाचे नाव असते, खातेदाराचे नसते, त्यामुळे पाच पार्ट्यांचे पाच टॅब वरून सारखेच दिसतात. पंधरा अक्षरी जीएसटी क्रमांकाचे पहिले दोन अंक राज्याचे असतात आणि महाराष्ट्रातल्या प्रत्येक व्यापाऱ्यासाठी ते २७ असतात. ओळख पटते ती त्यापुढच्या दहा अक्षरी पॅनवरून, आणि घाईत तिथवर कुणी वाचत नाही.

कामानुसार पडदे वेगळे करण्याची कल्पना ब्राउझरपेक्षा जुनी आहे. १९८६ मध्ये अमेरिकेतल्या झेरॉक्स पार्क या संशोधन केंद्रात ऑस्टिन हेंडरसन आणि स्टुअर्ट कार्ड यांनी 'रूम्स' नावाची व्यवस्था मांडली. संगणकावर विंडो वापरात येऊन थोडीच वर्षे झाली होती, आणि तेवढ्यात लहान पडद्यावर त्यांची खेचाखेच सुरू झाली होती. माणूस विंडो कशा वापरतो हे दोघांनी तपासले, तेव्हा त्या गटागटाने लागतात असे दिसले: एका कामाला ठरावीक चार, दुसऱ्याला वेगळ्या पाच. या निरीक्षणाला आधार मिळाला तो संगणकाच्या आतल्या एका जुन्या सिद्धांताचा. चालू प्रोग्रॅमला थोड्या काळात स्मृतीतली ठरावीक पानेच पुन्हा पुन्हा लागतात, आणि तेवढी जवळ नसली तर यंत्राचा सारा वेळ पानांची ने-आण करण्यातच जातो, असे पीटर डेनिंग यांनी १९६८ मध्ये दाखवले होते. माणसाच्या पडद्याचेही तेच होते, हे हेंडरसन आणि कार्ड यांनी ओळखले. म्हणून प्रत्येक कामाला एक दालन, एका दालनातून दुसऱ्यात जायला दार आणि सगळी दालने एका नजरेत दाखवणारा आराखडा, अशी त्यांची रचना होती.

या रचनेतला सर्वांत मोलाचा भाग पुढे अनेकांनी सोडून दिला. काही वस्तू कोणत्याच एका कामाच्या नसतात, हे रूम्समध्ये आधीपासून धरलेले होते. एकच विंडो दोन दालनांत ठेवता येत असे, प्रत्येक ठिकाणी वेगळ्या जागी आणि वेगळ्या आकारात. घड्याळासारखी वस्तू सगळीकडे बरोबर राही, आणि एखादी विंडो सामानासारखी हातात घेऊन पुढच्या दालनात नेता येई. करसल्लागाराचे व्हॉट्सअ‍ॅप वेब, तारखांचे कॅलेंडर, सरकारी अधिसूचनेचे पान ही अशीच सामाईक सामग्री आहे. ती एका वर्कस्पेसमध्ये कोंडली की माणूस तिच्यासाठी दिवसभर ये-जा करतो आणि आठवड्याभरात वाटणीच सोडून देतो. विंडोज १० मध्ये २०१५ साली आलेल्या वेगवेगळ्या डेस्कटॉपांत एखादी विंडो सर्व डेस्कटॉपांवर दिसेल अशी ठेवता येते. ही सोय माहीत असणारे थोडे, पण तिच्यामुळेच ही पद्धत रोज वापरण्याजोगी होते.

ब्राउझरचा इतिहास थोडक्यात सांगता येतो. २००४ चा फायरफॉक्स आणि २००६ चा इंटरनेट एक्सप्लोरर ७ यांनी टॅब सर्वसामान्यांच्या हाती दिला. २००८ मध्ये आलेल्या क्रोमने टॅबांसाठी वेगवेगळ्या प्रक्रिया चालवायला सुरुवात केली, त्यामुळे एक पान कोसळले तरी बाकीची टिकू लागली, मात्र स्मृतीचा खर्च वाढला. फायरफॉक्सने २०११ मध्ये टॅबांचे गट आणले, वापर कमी म्हणून २०१६ मध्ये काढून टाकले आणि २०२५ मध्ये नव्या रूपात परत आणले. क्रोमचे रंगीत गट २०२० चे. ऑपेरा, विवाल्डी, एज यांनीही वर्कस्पेस नावाने अशाच सोयी दिल्या.

यांतले बरेचसे गट फक्त नजरेपुरते असतात. एका पार्टीला निळा गट आणि दुसरीला हिरवा दिला, म्हणून दोघांची कुकी वेगळी होत नाही. विंडोजचे डेस्कटॉप वेगळे केले तरी दोन्हींकडे एकच प्रोफाइल उघडले असेल तर लॉगिन एकच राहते. इन्कॉग्निटोविषयीचा समज तर फारच पसरलेला आहे. क्रोममध्ये एकाच प्रोफाइलमधून उघडलेल्या दोन इन्कॉग्निटो विंडो परस्परांपासून वेगळ्या नसतात. त्यांची कुकी सामाईक असते आणि अशी शेवटची विंडो बंद होईपर्यंत टिकते. खात्यांची खरी फारकत होते ती वेगळ्या प्रोफाइलने, जिथे कुकी, जतन केलेले पासवर्ड, बुकमार्क, इतिहास सारेच निराळे असते, किंवा फायरफॉक्सच्या कंटेनरने, जिथे एकाच विंडोत दोन टॅबांची लॉगिने वेगळी राहतात. कंटेनरमध्ये इतिहास आणि जतन केलेले पासवर्ड मात्र सामाईकच असतात. दुसऱ्याच्या नावाने काम करणाऱ्याने आधी ही फारकत करावी आणि पडद्याची सजावट नंतर. प्रत्येक पार्टीला स्वतंत्र प्रोफाइल करणे पन्नास पार्ट्या असलेल्याला झेपणार नाही. पण दोन-तीन प्रोफाइल ठेवून एका प्रोफाइलमध्ये एका वेळी एकच पार्टी, हा नियम पाळता येतो, आणि ओटीपीची वाट पाहतानाचा तो धोकादायक मोकळा वेळही त्यात भरून निघतो.

उरली आठवण. कार्नेगी मेलन विद्यापीठातील संशोधकांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात लोक टॅब बंद का करत नाहीत, याचा शोध घेतला. नजरेआड गेले की काम कायमचे बुडेल ही भीती हे त्यातले एक मोठे कारण होते. ही भीती निराधार नाही, पण टॅब उघडा ठेवून ती दूर होत नाही. बँका आणि सरकारी पोर्टल थोडा वेळ हालचाल दिसली नाही की लॉगिन तोडतात, आणि स्मृती वाचवण्यासाठी ब्राउझरही न वापरलेले टॅब झोपवतो. सकाळी अर्धवट सोडलेला अर्ज दुपारी उघडावा तर टॅब जागेवर असतो, पण आत लॉगिनचे पान आलेले असते. पार्टीचे नाव, काय राहिले आणि कशासाठी थांबले, एवढी एक ओळ वहीत किंवा एक्सेलच्या यादीत लिहिली तर ती टॅबपेक्षा जास्त टिकते. "टॉवेल कारखाना, ३बी, ओटीपी बाकी" अशी नोंद दुसऱ्या दिवशी सहकाऱ्यालाही कळते. टॅब पाहून सहकाऱ्याला काहीच कळत नाही.

ई-सेवा केंद्रावर प्रश्न आणखी नाजूक होतो, कारण तिथे समोरचा माणूस पुन्हा येईलच असे नसते. महाडीबीटी पोर्टलवर शिष्यवृत्तीचा अर्ज भरायला आलेला विद्यार्थी आणि त्याच्यामागे उत्पन्नाच्या दाखल्यासाठी उभी असलेली बाई यांची माहिती एकमेकांच्या नजरेस पडता कामा नये. यासाठी पाहुण्यांची विंडो, म्हणजे क्रोममधला गेस्ट मोड, सर्वांत योग्य. ती बंद केली की इतिहास आणि कुकी दोन्ही जातात. डाउनलोड केलेल्या फाइली मात्र जात नाहीत. आधारची पीडीएफ, मार्कलिस्ट, बँक पासबुकाचे स्कॅन हे सगळे डाउनलोड्सच्या एकाच फोल्डरमध्ये साठत राहते, आणि कोणतीही वर्कस्पेस त्याची वाटणी आपणहून करत नाही. क्रोमच्या प्रत्येक प्रोफाइलला डाउनलोडची जागा निराळी नेमून देता येते. गेस्ट मोडमध्ये उतरवलेली फाइल प्रिंट निघताच, माणूस समोर असतानाच, हाताने पुसावी लागते आणि रीसायकल बिनही रिकामे करावे लागते.