विष कुठे पडलं?

पाठ्यपुस्तकातली अन्नसाखळी गवतापासून निघते आणि नाकतोडा, बेडूक, साप करत गरुडापाशी थांबते. मेलेल्या जिवाचं पुढे काय होतं, हे जेमतेम एका ओळीत उरकलं जातं. त्या ओळीकडे दुर्लक्ष करणं किती महाग पडतं, हे गिधाडांनी आपल्याला दाखवलं.

१९९०च्या दशकात गुरांच्या सुजेवर, दुखण्यावर डायक्लोफेनॅकचा वापर वाढला. औषध स्वस्त, गुणही लवकर. बैल उभा राहावा म्हणून ते टोचून घेणाऱ्या शेतकऱ्याला दोष देववत नाही. पण इंजेक्शननंतर लगेच दगावलेलं जनावर गावाबाहेर टाकलं, की त्यावर उतरलेल्या गिधाडांची मूत्रपिंडं निकामी होत. शवविच्छेदनात त्यांच्या यकृतावर, हृदयावर युरिक आम्लाचा खडूच्या भुकटीसारखा पांढरा थर सापडे. पाकिस्तानातल्या अभ्यासातून लिंडसे ओक्स आणि सहकाऱ्यांनी हे कारण २००४ मध्ये उघड केलं. भारतात १९९०च्या दशकाच्या सुरुवातीपासून २००७पर्यंत पांढऱ्या पुठ्ठ्याची गिधाडं ९९ टक्क्यांहून अधिक घटली.

शंभरातल्या एकाहून कमी मढ्यांत हे औषध असलं, तरी एवढा ऱ्हास होऊ शकतो, असं संशोधकांचं गणित सांगतं. एका मढ्यावर अख्खा थवा जेवतो, म्हणजे एक विषारी मढं अनेकांचा जीव घेतं. त्यात मादी साधारण पाचव्या वर्षी वयात येते आणि वर्षाला एकच अंडं घालते. मेलेल्यांची भरपाई होणार कशी? प्रदूषण मोजताना आपण ‘किती’ एवढंच विचारतो. ते कुणाच्या ताटात पडलं आणि खाणाऱ्याची वीण किती संथ आहे, हे विचारल्याशिवाय ‘सुरक्षित प्रमाण’ या शब्दांना माझ्या लेखी अर्थ नाही.

गिधाडं गेली, मढी पडून राहू लागली. त्यांवर भटकी कुत्री पोसली गेली आणि रेबीजची धास्ती वाढली. मृतदेह गिधाडांच्या हवाली करणाऱ्या पारशी समाजाला मुंबईत डुंगरवाडी या अंत्यस्थळी ते सुकवायला सौर संकेंद्रक बसवावे लागले.

२००६ मध्ये गुरांसाठीच्या डायक्लोफेनॅकवर बंदी आली, तरी माणसांसाठीच्या मोठ्या कुप्या गोठ्यात पोचतच राहिल्या; २०१५ मध्ये कुपी ३ मिलिलिटरची करावी लागली. केटोप्रोफेन आणि अॅसिक्लोफेनॅक या गिधाडांना तशाच घातक असलेल्या गुरांच्या औषधांवरची बंदी यायला तर २०२३ उजाडलं. वास्तविक गिधाडांना न बाधणारं मेलॉक्सिकॅम केव्हाच हाताशी होतं. गुरांचं कुठलंही नवं वेदनाशामक आधी गिधाडांसाठी तपासावं आणि मगच विकायला परवानगी द्यावी, हा क्रम कायद्यानेच ठरवून टाकायला हवा.