छान आलाय

माझ्या मावसभावाने, म्हणजे दादाने, बँकेतून निवृत्त झाल्यावर कॅमेरा घेतला. डीएसएलआर, सोबत आलेली 18-55ची लेन्स आणि एक बऱ्यापैकी तिकाटणं. पुढच्या दोन वर्षांत तो स्पितीला जाऊन आला, हंपीला जाऊन आला, कोकणात तर पाच-सहा वेळा. परत आला की पुढच्या रविवारी सकाळी लॅपटॉप घेऊन माझ्याकडे यायचा. मी त्याच्या आधीपासून फोटो काढतो, त्यामुळे मला त्यातलं कळतं असा त्याचा समज. "मोकळेपणाने सांग रे. सुधारायचंय मला," असं म्हणून तो एकेक फोटो पुढे सरकवायचा. मी चहाचा घोट घेत म्हणायचो, "छान आलाय."

सगळे छान आले नव्हते. दिवेआगरच्या संध्याकाळच्या फोटोत समुद्राचं क्षितिज डावीकडे उतरलं होतं, बशीतला चहा सांडायला आल्यासारखं. ते मला पहिल्याच नजरेत दिसलं होतं. स्पितीतले पर्वत फोटोच्या तळाशी एखाद्या सुरकुतीएवढे दिसत होते आणि वर नुसतं आकाश. तेही दिसलं होतं.

गेल्या हिवाळ्यात दादाने एक छोटं दालन तीन दिवसांसाठी भाड्याने घेतलं आणि 40 फोटोंचं प्रदर्शन भरवलं. प्रिंट, फ्रेमा, निमंत्रणपत्रिका, सगळं स्वतःच्या पैशाने. दुसऱ्या दिवशी दुपारी पाठीवर कॅमेऱ्याची बॅग अडकवलेली एक विशीतली मुलगी आली. दिवेआगरच्या फोटोसमोर बराच वेळ थांबली आणि अगदी आदराने म्हणाली, "काका, हा समुद्र मुद्दाम तिरका ठेवलाय का?" दादाने फोटोकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं.

शेवटच्या दिवशी रात्री आम्ही दोघं फ्रेमा वर्तमानपत्रात गुंडाळत होतो.

"तुला दिसलं होतं?"

"हो."

"केव्हा?"

"पहिल्यांदा दाखवलास तेव्हाच."

तो काही बोलला नाही. पुढची फ्रेम घेतली आणि गुंडाळायला लागला.

तेव्हापासून मी हा हिशेब मांडतो आहे. मी नक्की काय केलं? दादाला फसवण्याचा माझा हेतू नव्हता. पैसे उकळायचे नव्हते, मागून हसायचं नव्हतं. उलट त्याला बरं वाटावं अशीच इच्छा होती. तरीही त्या रात्री मी पकडला गेलो होतो.

सबबी भरपूर आहेत. पहिली सबब वयाची. तो माझ्याहून बारा वर्षांनी मोठा. लहानपणी मला सायकल त्याने शिकवली. त्याला मी कोणत्या तोंडाने सांगणार? पण याच दादाला मी म्युच्युअल फंडाबद्दल, गुडघ्याच्या ऑपरेशनबद्दल, त्याच्या मुलीच्या लग्नातल्या खर्चाबद्दल बिनदिक्कत सांगत आलोय. वयाचा मान नेमका फोटोपाशीच आडवा आला, हे मलाच पटत नाही.

दुसरी सबब अधिक भारदस्त आहे: शेवटी आवड ज्याची त्याची. सौंदर्याच्या बाबतीत चूक काय, बरोबर काय हे ठरवणारा मी कोण? या सबबीचा समाचार डेव्हिड ह्यूमने अभिरुचीच्या निकषावर 1757 साली लिहिलेल्या निबंधात घेतला आहे. त्यासाठी तो 'डॉन किहोटे'मधली एक गोष्ट वापरतो. सांचो पांझाच्या घराण्यातल्या दोघा वारुणीतज्ज्ञांना पिंपातली दारू चाखायला देतात. एक म्हणतो, दारू उत्तम, पण किंचित चामड्याची चव लागते. दुसरा म्हणतो, उत्तम, पण लोखंडाची चव लागते. लोक दोघांनाही हसतात. पिंप रिकामं होतं तेव्हा तळाशी एक जुनी किल्ली सापडते, चामड्याच्या वादीला बांधलेली.

आवड ज्याची त्याची असेल, पण त्या आवडीमागे पुष्कळदा एक किल्ली असते आणि ती दाखवता येते. स्पितीतले पर्वत खुजे दिसणं हा माझ्या आवडीचा भाग नव्हता. दादा समोरचं सगळं मावावं म्हणून लेन्स 18वर ठेवून फोटो काढत होता. वाइड लेन्सने पुष्कळ मावतं हे खरं, पण लांबच्या वस्तू तेवढ्याच लहान होतात. डोळा पर्वतावर खिळतो आणि बाकीचं विसरतो. कॅमेरा काहीच विसरत नाही. म्हणून प्रत्यक्षात छातीवर आलेला पर्वत फोटोत तळाशी जाऊन बसतो. ही किल्ली मला ठाऊक होती. ती बाहेर काढायला अर्धा तास लागला असता. 'छान आलाय' म्हणायला एक सेकंद लागतो. माझ्या चांगुलपणाखाली बराचसा आळसच होता, हे लिहायला आता हरकत नाही.

आणि हे मला कळत नव्हतं असंही नाही, कारण मला स्वतःला वेगळं काही मिळालं होतं. पंधराएक वर्षांपूर्वी पुण्यात आम्ही काही हौशी मंडळी महिन्यातून एकदा जमायचो. एकेकाळी स्टुडिओ चालवणारे एक वयस्कर गृहस्थ यायचे. आम्ही त्यांना नुसतं 'सर' म्हणायचो. मी हरिश्चंद्रगडावरच्या कोकणकड्याचा फोटो घेऊन गेलो होतो. आधी मी सगळी कथा सांगितली. खिरेश्वरहून तोलार खिंडीमार्गे चढलो, पाठीवर ओझं, पाच तास लागले, वर धुकं, दीड तास थांबलो आणि दोन मिनिटांसाठी धुकं फाटलं. सरांनी सगळं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "हे यात कुठाय?"

फोटोत पांढरं धुकं होतं आणि एक करडी पट्टी. कोकणकडा आत वळलेला आहे. काठावर उभं राहून सरळ समोर कॅमेरा धरला तर ज्यासाठी आपण तिथे जातो ती वाटीसारखी खोल कमान दिसतच नाही, कारण आपण तिच्याच ओठावर उभे असतो. "तुझे पाय दुखत होते म्हणून तुला हा फोटो आवडतो. माझे पाय दुखत नाहीयेत," सर म्हणाले. सगळे हसले. मी पंधरा दिवस धुमसत होतो. मग थंडीत पुन्हा गेलो आणि काठाने बाजूला बराच चालत गेलो. तिथून कड्याचा बाक दिसला, आणि काठावर पोटावर झोपून खाली डोकावणारी माणसं मुंग्यांएवढी दिसली. तो फोटो आजही माझ्या भिंतीवर आहे. सरांनी मला फोटो कसा काढायचा ते सांगितलं नव्हतं. माझ्या आठवणीत आहे पण चौकटीत नाही, असं काय आहे ते दाखवलं होतं. हे स्वतःचं स्वतःला दिसत नाही, कारण आपण फोटो बघतो तेव्हा आठवण गुपचूप येऊन उरलेलं भरून टाकते. त्यासाठी दुसरा माणूस लागतो.

पण इथे एक अडचण आहे. प्रत्येक फोटो दुसऱ्या माणसासाठी असतोच असं नाही. रोलां बार्थने आई गेल्यानंतर फोटोग्राफीवर एक पुस्तक लिहिलं. ते 1980 साली आलं. त्यात त्याच्या आईच्या लहानपणीच्या एका फोटोविषयी पानंच्या पानं आहेत, पण तो फोटो मात्र पुस्तकात छापलेला नाही. तो फोटो फक्त त्याच्यासाठी होता, आपल्याला तो चारचौघांच्या फोटोंसारखाच दिसला असता. अशा फोटोबद्दल कुणी प्रकाशयोजनेची चर्चा करायला लागला तर त्याला घराबाहेर काढावं. प्रवासाचे निम्मे फोटो असेच असतात. तिथे आपण गेलो होतो, पाऊस थांबला होता, सोबत अमुक होता, एवढंच त्यांचं म्हणणं असतं. ते ऐकून घ्यायचं असतं, तपासायचं नसतं.

तेव्हा समोरच्याने नेमकं काय आणलंय, हे आधी विचारायला हवं. पुष्कळदा 'अभिप्राय द्या' याचा अर्थ 'कौतुक करा' असाच असतो आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. कौतुक मागावंसं वाटणं ही माणसाची साधी गरज आहे. पण दादाने संदिग्ध काहीच ठेवलं नव्हतं. 'सुधारायचंय' हा शब्द त्याने दर वेळी उच्चारला होता. त्याने माझ्याकडे एक गोष्ट मागितली आणि मी, तो कुठली पेलू शकेल हे परस्पर ठरवून, हातात दुसरीच ठेवली. खटकतं ते हे. खोटं बोलण्यापेक्षाही, त्याच्या वतीने परस्पर ठरवणं. लहान मुलाच्या चित्राला आपण 'व्वा' म्हणतो, तसं मी साठी ओलांडलेल्या, आयुष्यभर कर्जाच्या फायली तपासलेल्या माणसाला म्हणालो.

याचं उलट टोकही मी पाहिलं आहे. आमच्या त्याच मंडळात एक जण होता. कुणाचाही फोटो आला की त्याचा एकच शब्द: "डिलीट." त्याला स्पष्टवक्ता म्हणवून घ्यायला आवडायचं. एक शिक्षिका यायच्या, तीन महिन्यांनी यायच्या बंद झाल्या. पुष्कळ दिवस मला वाटायचं की तो कठोर आणि मी मृदू, म्हणून मी बरा. आता वाटतं, आम्ही दोघं एकच काम करत होतो. 'छान' आणि 'डिलीट' दोन्ही निकाल आहेत. दोहोंनी बोलणं संपतं, आणि किल्ली पिंपाच्या तळाशी तशीच राहते. सरांचं बोलणं झोंबायचं, पण ते निकालावर थांबायचे नाहीत. बोट ठेवायचे. ज्यावर बोट ठेवलं जातं त्यावर काही करता येतं.

ॲन्सेल ॲडम्सचा न्यू मेक्सिकोतल्या चंद्रोदयाचा फोटो 1941चा. प्रसिद्ध झाल्यावरही तो त्याच निगेटिव्हमधून अनेक वर्षं नव्याने प्रिंट काढत राहिला. सुरुवातीच्या प्रिंटमधलं फिकट, ढगाळ आकाश पुढच्या प्रिंटमध्ये जवळजवळ काळं झालं. जगाने मान्य केलेल्या फोटोवरही त्याचं काम संपलं नव्हतं. मग दिवेआगरच्या फोटोवर काम बाकी आहे असं सांगण्यात अपमान कसला होता?

प्रदर्शनानंतर दोन महिन्यांनी मी दादाकडे गेलो. स्पितीचे फोटो उघड म्हटलं. "आता काय उपयोग," म्हणत त्याने उघडले. मी 18 आणि 55चं गणित सांगितलं. तो एकेका फोटोची माहिती तपासत गेला. 18, 18, 18. शेवटी एक 55चा निघाला. त्यात एक मेंढपाळ मध्ये आला म्हणून त्याने तो बाजूला टाकला होता. माणूस बोटभर, आणि मागे पर्वताने आख्खी चौकट भरलेली. दादा बराच वेळ बघत राहिला.

"उजवीकडच्या मेंढ्या अर्ध्या कापल्या गेल्यात," मी म्हणालो.

"दिसतंय," तो म्हणाला. आणि थोड्या वेळाने, "आणि तो दिवेआगरचा?"

"तो दोन अंशांनी फिरव. कडा थोड्या कापल्या जातील. झालं."

"एवढंच?"

"एवढंच."

"मग दोन वर्षं तू..." असं म्हणून त्याने वाक्य तिथेच सोडलं आणि फोटो फिरवायला घेतला.